परक्या तोंडात बाबांचे दात

धाकटी सतरा आठवड्यांसाठी परदेशी शिकायला निघाली तेव्हा घरातली रड बघून कुणालाही वाटलं असतं, पोरगी फासावर चालली आहे. आत्याने दोन दिवस आधीपासून डोळ्याला पदर लावला होता. वहिनीने बॅगेत एवढे डबे कोंबले की विमानतळावर त्यातले निम्मे काढून ठेवावे लागले, आणि ते काढताना आत्याची पुन्हा एकदा रडायची सोय झाली. थोरला भाऊ कानाशी लागून म्हणाला, "परतीची तारीख बदलता येते हं. मी मुद्दाम तसलंच तिकीट घेतलंय." शिकायला निघालेल्या माणसाला पळून यायची वाट आधी दाखवून ठेवायची, ही त्या घरची माया. बाबा तर दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. ते आत टेबलाशी बसून प्लॅस्टरच्या साच्याची कड तासत होते.

"तिकडे काय शिकवणार आहेत?" मान वर न करता ते म्हणाले. "दात तिकडेही बत्तीसच असतात."

घरचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन मागच्या गल्लीतल्या या दोन खोल्यांत पाठवत आणि इथे त्याची कवळी होऊन जाई. बाबा साचा ओतत, आई मेणावर दात बसवी, भाऊ गुलाबी प्लास्टिक शिजवून काढी, वहिनी ते फिरत्या चाकावर घासून चकचकीत करी. आत्या डब्यांवर डॉक्टरांची नावं लिही आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना सल्ले देई. पेशंट म्हणून मात्र या घराने कधी कुणाला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गरजच नव्हती, कारण घराचं एक वळण ठरून गेलं होतं. डॉक्टरने काही वेगळं लिहून दिलं नसेल तर दात बाबांच्या दातांसारखे लावायचे. आणि डॉक्टर काही लिहून देत नसत, कारण पेशंटच्या चेहऱ्याशी त्यांनाही फारसं देणंघेणं नसे. बाबांचे समोरचे दोन रुंद, एकमेकांना घट्ट टेकलेले, आणि डावा सुळा नखभर आत वळलेला. बाबांनी तरुणपणी आरशात बघून पहिली कवळी लावली, ती बरी दिसली, आणि मग चाळीस वर्षं तीच लावली. त्यामुळे त्या भागातली साठीपुढची निम्मी माणसं बाबांसारखी हसत. लग्नकार्यात चार म्हातारे एका ओळीत बसून हसले की परका माणूस विचारी, "हे सगळे भाऊ का?" या गोष्टीची लाज वाटायला हवी होती. घरात तिचा अभिमान होता.

धाकटीची निवड झाली त्यातही फार मोठा पराक्रम नव्हता. तिच्या कॉलेजने तिकडच्या एका संस्थेशी करार केला होता: दरवर्षी एक विद्यार्थी, एक सत्र, खर्च त्यांचा. पहिला आलेला मुलगा व्हिसाची रांग बघूनच परत फिरला. दुसरीचं लग्न ठरलं. धाकटी तिसरी. तेवीस वर्षांची, हाताने चांगली, डोक्यानेही बरी, पण पापण्यांच्या मागे एक नळ गळका होता. विमानात बसायच्या आधीच तो सुरू झाला.

तिकडे पहिल्या सात आठवड्यांत तिने जे केलं त्याला शिक्षण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. वसतिगृहाची खोली पाचव्या मजल्यावर होती. खिडकीखाली अख्खं शहर पसरलेलं, मधून नदी, नदीवर सात पूल, पलीकडे बंदराच्या क्रेनांच्या माना. धाकटीने खुर्ची मांडली ती खिडकीला पाठ करून, कारण त्या बाजूने फोनवर चांगला उजेड पडे. फोन पेल्याला टेकवून ठेवायचा आणि घरचं टेबल बघत बसायचं. तिकडे आई मेण लावतेय, भाऊ प्लास्टिक शिजवायच्या कुकरचं प्रेशर सोडतोय, वहिनीच्या चाकाची घरघर चाललीय. कुणी हिच्याशी धड बोलतही नसे, सगळे कामात. मधूनच आत्याचं तोंड पडदाभर येई.

"जेवलीस का?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"उकडलेले बटाटे."

"नुसते?"

"मीठ होतं."

"मीठ होतं म्हणे! ऐकलंत का सगळ्यांनी, मीठ होतं!" आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज.

बाबा कधीतरी एखादी कवळी पडद्यासमोर धरत. "याला कोणता रंग?" धाकटी रंग सांगे. बाबा दुसराच लावत. एवढा त्यांचा संवाद.

निदान वर्गात तरी सुटका व्हावी, तर तिथे घाला मेणाचा. गरम मेणाचा वास जगभर एकच. दिव्यावर सुरी तापली, मेणात शिरली, तो गोडसर धूर नाकात गेला, की धाकटीच्या डोळ्यांसमोर घरचं टेबल उभं राही, आणि तिला समोरच्या साच्यातल्या हिरड्या दिसेनाशा होत. बाकीचे विद्यार्थी काम करत. ही नाक पुसे.

शेजारच्या खोलीत तिच्याच देशातली एक मुलगी होती. धाकटीने मनातल्या मनात तिचं नाव उसासेबाई ठेवलं होतं. उसासेबाई पुलांचं बांधकाम शिकायला आली होती, आणि खाली नदीवरच्या सात पुलांपैकी एकही तिने ओलांडला नव्हता. भिंतीवर कॅलेंडर लावून ती रोज एक दिवस लाल पेन्सिलीने खोडी. दोघी संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात बसत.

"इथला चहा म्हणजे कोमट पाणी," उसासेबाई म्हणे.

"आणि दूध बघितलंस का? निळसर असतं."

"बहात्तर दिवस राहिले."

"माझे सत्तर."

"तुझी मजा आहे बाई!" आणि उसासा.

दोन धडधाकट, शिकलेल्या, दुसऱ्याच्या खर्चाने जगाच्या दुसऱ्या टोकाला आलेल्या मुली. त्यांची संध्याकाळ अशी जाई.

सहाव्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक तोंड मिळालं. संस्थेत फुकट कवळी होते म्हणून शहरातले म्हातारे नावं नोंदवून ठेवत. धाकटीच्या वाट्याला आलेला म्हातारा एकाहत्तर वर्षांचा, लांबुडका, कान मोठे, तोंडात एकही दात नाही. जन्मभर बंदरावर इशारेवाला होता. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो, त्याला पेटी नेमकी कुठे टेकतेय ते दिसत नाही. खाली उभं राहून एकाने शिट्टीने सांगायचं. एक लांब म्हणजे उचल, दोन आखूड म्हणजे थांब. हे सगळं तो पहिल्याच दिवशी तिला सांगत होता. बोटं नाही लावायची, नुसती दातांतून शिट्टी, बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकटी त्याच्या तोंडात मापाचा लगदा कालवून घालत होती आणि आता घरी किती वाजले असतील याचा हिशेब करत होती. केसच्या कागदावर एक प्रश्न होता: पेशंटला काय हवं आहे? तिने लिहिलं: कवळी.

संस्थेत सोय अशी होती, की मेणाच्या चाचणीला पेशंटने पसंतीची सही केली की अर्धं प्रमाणपत्र मिळे. कुणाला अडचण असेल तर त्याने तेवढ्यावर घरी जावं. थांबेल त्याने पुढचे आठवडे राहून पूर्ण घ्यावं. हे कळल्यावर धाकटीचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. भावाला तिने त्याच दिवशी कळवलं. भावाने आठव्या आठवड्यातल्या शनिवारचं तिकीट धरून ठेवलं. आत्याने तर गल्लीत बातमीही फिरवली, की पोरगी एवढी हुशार निघाली की अर्ध्या वेळात शिकून येतेय.

चाचणी बुधवारी होती.

मेणात बसवलेले दात अजून पक्के नसतात. पेशंटने ते तोंडात घालायचे, बोलायचं, हसायचं. काही बिघडलं असेल तर सुरी तापवून दात हलवता येतात. म्हाताऱ्याने कवळी घातली, ओठ हलवून नीट बसवली, आणि हातातल्या आरशात बघून हसला.

धाकटीच्या हातातली सुरी खाली पडली. समोरच्या खुर्चीत, निळ्या एप्रनच्या वर, परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्याच्या तोंडात बाबा हसत होते. समोरचे दोन रुंद, घट्ट टेकलेले. डावा सुळा नखभर आत. तिने मुद्दाम केलं नव्हतं, केलं असतं तर निदान अक्कल वापरली असं तरी म्हणता आलं असतं. आठवडाभर हात आपले चालले होते आणि हातांनी जे घोकलं होतं तेच लिहून काढलं होतं.

मग काय, नळ सुटला. वर्गात, दहा विद्यार्थी आणि दहा म्हाताऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन.

म्हाताऱ्याने घाबरून पुन्हा आरशात पाहिलं. "इतका वाईट दिसतोय का मी?"

"नाही, नाही..."

"चालतील की. चांगले आहेत." तो हळूच ओठांचा चंबू करून बघत होता. नुसतीच हवा आली. फूऽ. पुन्हा एकदा. फूऽ. "जाऊ दे ते," तो म्हणाला. "चालतील. सही कुठे करायची? रडू नकोस पोरी, कुठे सही करू सांग."

तेवढ्यात वर्गाच्या बाई आल्या. ठेंगणी, राठ बोलणारी बाई. कपाळावर चढवलेलं भिंग जेवतानासुद्धा उतरवत नसे, म्हणून विद्यार्थी तिला भिंगबाई म्हणत. तिने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि म्हाताऱ्याचा ओठ अंगठ्याने वर केला.

"हे कुणाचे दात?"

"यांचे," धाकटी म्हणाली.

"यांचे नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी तोंडांशिवाय दुसरं काही बघितलेलं नाही. हा डावा सुळा कुणाचा?"

धाकटीने नाक पुसलं. "माझ्या वडिलांचा."

"वडील इथे आलेत?"

"नाही."

"मग त्यांचे दात इथे काय करतायत?"

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भिंगबाईने केसचा कागद उचलला. "पेशंटला काय हवं आहे? कवळी. अच्छा! मला वाटलं, टोपी घ्यायला आलाय." मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला काय हवं होतं?"

"मी सांगितलं होतं यांना," म्हातारा अवघडून म्हणाला. "शिट्टी. पण त्यावाचून काही अडत नाही. चालतील."

"ऐकलंस?" भिंगबाई धाकटीला म्हणाली. "चालतील म्हणतोय. हा माणूस इतका सभ्य आहे की तू त्याच्या तोंडात कंगवा बसवलास तरी चालेल म्हणेल. घे सही. अर्धं प्रमाणपत्र टाइप करायला मला दहा मिनिटं लागतात. शनिवारी तू घरी, आणि हा मरेपर्यंत तुझ्या बापाचं तोंड घेऊन हिंडेल. नाहीतर थांब आणि याचे दात लाव. मला दोन्ही सारखंच." आणि ती पुढच्या टेबलाकडे निघून गेली.

म्हाताऱ्याने पेन उघडलं. कागद पुढे ओढला. धाकटी त्याच्याकडे पाहत होती, आणि सात आठवड्यांत पहिल्यांदाच खरोखर पाहत होती. चालतील. हा शब्द तिने किती वेळा ऐकला होता! समोरच्या वाण्याने म्हटलेला, कोपऱ्यावरच्या शिंप्याने म्हटलेला, बाबांच्या तोंडाने हसणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याने म्हटलेला. घरात सगळे ती शाबासकी समजत आले होते. चांगलं बोलणाऱ्या माणसांनी चाळीस वर्षं गिळलेली तक्रार होती ती. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या पाठोपाठ चांगला सणसणीत राग आला. राग ही रडण्यापेक्षा केव्हाही कामाची गोष्ट.

तिने म्हाताऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सही करू नका," ती म्हणाली. "तुमचा दात असतानाचा फोटो आहे का?"

"एक आहे. घरी."

"मग घरी चला."

शहराचा पहिला पूल तिने त्या दिवशी ओलांडला, म्हाताऱ्याच्या मागोमाग, कुडकुडत. त्याची खोली बंदराजवळच्या एका जुन्या चौकोनी इमारतीत, तळमजल्यावर. मध्ये मोकळं आवार, तिथे कपडे वाळत घातलेले, चारही बाजूंना खिडक्या. खोलीत एक पलंग, एक किटली, दोन खुर्च्या, त्यातली एक वर्तमानपत्रांनी भरलेली. ती रिकामी करून त्याने तिला बसवलं आणि फोटो दिला. चाळीसएक वर्षांपूर्वीचा म्हातारा क्रेनखाली उभा, मान वर, तोंड शिट्टीच्या आकाराचं. वरच्या दोन दातांच्या मधोमध चांगली गव्हाचा दाणा मावेल एवढी फट.

"ही फट होती तुम्हाला?"

"होती म्हणजे? तिच्यावर तर नोकरी मिळाली."

"आता शिट्टी कशाला हवी? बंदरावर तर सगळं वायरलेसवर चालतं."

म्हाताऱ्याने खिडकीतून समोर वर बोट दाखवलं. आवारापलीकडे तिसऱ्या मजल्यावर निळ्या पडद्याची खिडकी. "तिथे माझी बहीण राहते. चहा झाला की मी शिट्टी मारायचो, ती खिडकी उघडून मला चार शिव्या द्यायची आणि खाली यायची. दात गेले तेव्हापासून मला तीन जिने चढावे लागतात. गुडघे बघ माझे."

"फोन करा की."

"उचलत नाही. म्हणते, फोनवर तुझा आवाज लबाडासारखा येतो."

त्या संध्याकाळी धाकटीने घरी फोन लावला. सगळे टेबलाशी होते. भाऊ म्हणाला, "शनिवारी विमानतळावर मी आणि आत्या येतोय."

"येऊ नका. मी सत्र पुरं करून येणार."

वहिनीचं चाक थांबलं. "का गं? काय झालं?" आईने विचारलं.

"एका माणसाला शिट्टी मारायची आहे."

मग आत्या पडद्यात घुसली. "बघा! मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? कोण आहे हा शिट्ट्या मारणारा? काय वय त्याचं?"

"एकाहत्तर."

"अगं बाई! आणि करतो काय?"

"काही नाही. तोंडात एकही दात नाही, आत्या."

आत्या मटकन खाली बसली असावी, कारण पडद्यात नुसतं छत दिसायला लागलं. छताकडून बाबांचा आवाज आला. "पेशंट आहे का? मग त्यात थांबण्यासारखं काय आहे? दात लावून मोकळी हो."

"लावले होते बाबा. तुमचे लावले होते. काढून टाकले."

"का? काय वाईट आहे माझ्या दातांना?"

"काही नाही. तुमच्या तोंडात छान दिसतात."

बाबांनी फोन बंद केला. चाळीस वर्षांत त्यांना एवढं कुणी बोललं नव्हतं. धाकटी रडली, आणि रडून झाल्यावर तिला सडकून भूक लागली.

पुढचे नऊ आठवडे तिची घरची आठवण गेली असं समजू नये. असल्या गोष्टी जात नाहीत. रविवारी सकाळी ती हमखास उपटे. पण आता रडायचं ते घटकाभर रडून घ्यायची, तोंड धुवायची आणि बाहेर पडायची. भिंगबाईने तिला बजावलं होतं: लोकांची तोंडं बघ. म्हणून ती तोंडं बघत हिंडू लागली. पावाच्या दुकानातली बाई हसताना ओठ एका बाजूला ओढते, कारण तिथला दात काळा आहे. बसचा ड्रायव्हर जांभई देतो तेव्हा सोन्याची दाढ चमकते. ग्रंथालयातला शिपाई कधीच हसत नाही, आणि त्याचे दात शहरात सर्वांत देखणे. प्रत्येकाचं तोंड निराळं. धाकटीला हे तेविसाव्या वर्षी, कवळ्यांच्या ढिगात वाढून, समजावं! पण समजलं एकदाचं. लोक तिच्याकडे संशयाने बघत, एका बाईने तर पर्सही घट्ट धरली. धाकटीला मात्र मजा येऊ लागली होती. खुर्चीचं तोंड तिने खिडकीकडे फिरवलं. घरी फोन दोन दिवसांआड, पंधरा मिनिटं. निळसर दुधाचा चहा कडक केला तर बरा लागतो, हेही तिने शोधून काढलं.

"तू बदललीस," उसासेबाई म्हणाली. लाल पेन्सिलीच्या टोकाचा तिने चावून चावून भुगा केला होता. "तुला आता घर आठवत नाही."

"आठवतं. चल, पुलावर जाऊ."

"काय आहे पुलावर?"

"पूल आहे! तू शिकतेस काय?"

उसासेबाई आली नाही. तिचे एकेचाळीस दिवस राहिले होते.

तिकडे दातांचं गाडं मात्र सहज चालत नव्हतं. पहिल्या खेपेला धाकटीने फोटोतल्याएवढी फट ठेवली. शिट्टी वाजली नाही. दुसऱ्या खेपेला थोडी अरुंद केली. म्हातारा "स" म्हणायला गेला की सापासारखा फुसफुसू लागला. भिंगबाई येई, बघे, आणि "अजून तुझ्या बापाचा हात आहे तुझ्यावर, दात सरळ उभे करतेस," म्हणून निघून जाई. तिसऱ्या खेपेला धाकटीने फोटो भिंगाखाली धरून तासभर बघितला. तेव्हा दिसलं, की फट महत्त्वाची नव्हतीच तेवढी. उजवा दात किंचित पुढे झुकलेला होता, आणि हवा त्याच्या कडेवर आपटत होती. घरी असा दात कुणी लावला असता तर बाबांनी मेणासकट टेबलाबाहेर फेकला असता. धाकटीने सुरी तापवली, उजवा दात पुढे झुकवला आणि कवळी म्हाताऱ्यापुढे धरली.

या खेपेला म्हाताऱ्याने वर्गात शिट्टी मारून बघायला नकार दिला. "इथे नाही. दोनदा चारचौघांत फुसका निघालो. पक्की झाली की माझ्या जागेवर."

"नाही वाजली तर?" धाकटीने विचारलं. "पक्की झाल्यावर काही हलवता येत नाही. तुम्ही सही केली नाहीत तर मी नापास."

"आणि वाजली नाही तर मला तीन जिने," म्हातारा म्हणाला. "दोघांचंही नशीब सारखंच आहे."

सोळाव्या आठवड्यात, दुपारी, कवळी पक्की होऊन आली. आवारात भिंगबाई, धाकटी आणि म्हातारा. वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध म्हातारा उभा राहिला, क्रेनखाली राहावा तसा, मान वर करून. जीभ दातांमागे टेकवली.

फूऽ.

म्हाताऱ्याने ओठ ओले केले, खालचा जबडा जरा मागे घेतला.

आणि मग आवारातली कबुतरं एकदम उडाली. लांब, धारदार, भिंतींवर आपटून परत येणारी शिट्टी. दोन खिडक्या उघडल्या, त्या भलत्याच. मग तिसऱ्या मजल्यावरचा निळा पडदा बाजूला झाला आणि एक पांढरं डोकं बाहेर आलं.

"अरे मेल्या, बहिरी आहे का मी? पाच महिने मुका होतास ते बरं होतं!"

"चहा झालाय!"

"दात कुणाचे घातलेस?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "माझेच आहेत!" तो ओरडला.

भिंगबाईने भिंग कपाळावर सरकवलं. "ठीक आहे," ती म्हणाली. तिच्याकडून याहून जास्त कुणाला कधी मिळालं नव्हतं. म्हाताऱ्याने धाकटीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. सहीही चांगली ऐसपैस केली.

विमानतळावर आत्या जय्यत तयारीने आली होती, पण धाकटीला बघून तिचा हिरमोड झाला. "वाळली कशी नाहीस गं तू?" ती म्हणाली, जशी काही पोरीने फसवणूक केली होती.

घरी बाबांनी चार दिवस विषय काढला नाही. पाचव्या दिवशी धाकटीने म्हाताऱ्याच्या कवळीची प्लॅस्टरमधली प्रत त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी ती उजेडाकडे धरली, उलटीसुलटी केली.

"ही फट चुकलीय. आणि हा दात पुढे आलाय."

"तसाच होता त्यांचा."

"दिसायला वाईट आहे."

"हो," धाकटी म्हणाली. "पण वाजतो."

बाबांनी प्रत बाजूला ठेवली. फेकली मात्र नाही. मग डॉक्टरकडून आलेला नवा डबा तिच्याकडे सरकवला. "हे घे. उद्या द्यायची आहे. घरच्या वळणाने लाव."

धाकटीने डबा उघडला, साचा पाहिला आणि झाकण परत लावलं. "हे गृहस्थ राहतात कुठे?"

"मला काय माहीत? तुला काय करायचंय?"

"बोलवायचंय. बघायचंय त्यांना."

"दात लावायला माणूस कशाला लागतो?" बाबा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. "आणि आला तर बसेल कुठे? इथे खुर्ची तरी आहे का?"

नव्हती. चाळीस वर्षांत कधी लागलीच नव्हती. धाकटी उठली. कोपऱ्यातल्या स्टुलावर प्लॅस्टरच्या गोण्या रचलेल्या होत्या. त्या तिने एकेक करून खाली उतरवल्या, स्टूल ओल्या फडक्याने पुसलं आणि खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड येईल असं मांडलं. मग आत्याला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा साच्याची कड तासत होते.

"लाव," ते म्हणाले. "पण त्याला म्हणावं, काम चालू असताना मध्येमध्ये बोलायचं नाही."

"बोलायलाच तर बोलावतेय," धाकटी म्हणाली, आणि दिव्यावर सुरी तापत ठेवली.